पाहुण्यांची रेघ

मी एक जुना चुन्याचा गाडा आहे. फुटबॉलच्या मैदानावर पांढऱ्या रेघा मारतात ना, तो. माझ्या पोटात चुन्याची भुकटी भरायची, दांडा धरून मला ढकलायचं, की खालच्या फटीतून रेघ पडत जाते. आता तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखं काय आहे. तर ऐका मित्रांनो. या शहरात चाकं असलेल्या जितक्या वस्तू आहेत, त्यांत माझ्याइतका मान कुणालाच नाही. एकदा भर चौकात खुद्द महापौरांची गाडी माझ्यासाठी थांबली होती. पुढे पोलीस, मागे पोलीस, मध्ये ती लांबलचक काळी गाडी, आणि मी दिसताच सगळा ताफा जागच्या जागी उभा.

खरं म्हणजे माझं पुढचं चाक निखळून त्या गाडीखाली गेलं होतं. महापौर काय झालं ते बघायला उतरले आणि त्यांचा बूट थेट सांडलेल्या चुन्यात पडला. पण गाडी थांबली होती की नाही?

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. माझी चाकं बाळाच्या गाडीची, दांडा गवत कापायच्या यंत्राचा, आणि पोट म्हणजे वहिनींच्या स्वयंपाकघरातला पिठाचा डबा. डबा गेल्याचं वहिनींना संध्याकाळी कळलं.

"अहो, पीठ उशीच्या अभ्र्यात का आहे?"

"डबा कामाला लागला," आतून उत्तर आलं.

"डबा कामालाच होता. आणि उशी कुठेय?"

"उशीचं बघू नंतर."

हे उत्तर देणारे म्हणजे ज्यांनी मला बनवलं ते. त्यांना सगळे 'पाहुणे' म्हणतात. ते फार लांबच्या देशातून, समुद्र ओलांडून या शहरात आले. सोबत एकच पिशवी. पिशवीत वर फुटबॉलचे बूट आणि खाली कपडे. बुटांचा चिखल एका शर्टाला लागला होता. तो तिकडचा चिखल म्हणून पाहुण्यांनी तो शर्ट बरेच दिवस धुतलाच नाही. मग वहिनी इकडे आल्या आणि त्यांनी धुतला.

पाहुण्यांना बस डेपोत नोकरी मिळाली. पहिल्या दिवशी फोरमनने त्यांचं नाव विचारलं, दोनदा म्हणून बघितलं, तिसऱ्यांदा जीभ चावली. "जाऊ दे," तो म्हणाला, "आपण तुम्हाला पाहुणे म्हणू. तसेही किती दिवस राहणार आहात?" पुढे तो फोरमन निवृत्त होऊन दुसऱ्या गावाला राहायला गेला. पाहुणे इथेच आहेत.

तिकडे असताना पाहुणे दर रविवारी फुटबॉल खेळायचे. इथेही खेळायचं म्हणून ते शहरातल्या मोठ्या जिमखान्यात गेले. तिथल्या सेक्रेटरींनी त्यांना पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं.

"संघात जागा नाही."

"राखीव म्हणून चालेल."

"राखीवांनाही राखीव आहेत. पण सकाळी मैदानावर रेघा मारायला माणूस हवाय."

दुसरा कुणी असता तर दार आपटून निघून गेला असता. पाहुणे दुसऱ्या रविवारी पहाटे दोरी आणि खुंट्या घेऊन हजर. त्यांनी रेघा मारल्या आणि कडेला बसून बघत राहिले. मघापर्यंत जिथून दूधवाला सायकल घालत होता, तिथे आता कुणी पाय ठेवत नव्हतं. सेक्रेटरींचा कुत्रासुद्धा रेघेच्या बाहेर बसला. घरी येऊन पाहुणे वहिनींना म्हणाले, "मला एक गोष्ट कळली. रेघ नसली की ती नुसती मोकळी जागा. मोकळ्या जागेवर कुणीही येऊन हक्क सांगतं. रेघ मारली की मैदान झालं. मैदान खेळणाऱ्याचं असतं."

त्याच आठवड्यात वहिनींचा डबा गेला.

डेपोच्या मागे एक ओसाड पट्टा होता. फुटके टायर, बसच्या मोडक्या सीट आणि काटेरी झुडपं, एवढंच. पाहुण्यांनी तो साफ केला. बसमध्ये धरायचे दांडे असतात, ते जोडून गोलचे खांब उभे केले. आणि एका सकाळी माझ्या पोटात चुना भरून मला पहिल्यांदा ढकललं. त्या दिवशी वारा फार होता. बाजूची रेघ मैदानावर पडायच्या आत उडाली आणि धुवून उभ्या केलेल्या बसवर जाऊन बसली. ती बस दिवसभर शहरात फिरली. लोकांना वाटलं, नवा रंग दिलाय. पाहुण्यांनी मला परत भरलं आणि वाकून, अंगाचा आडोसा करून, पुन्हा रेघ मारली. हा माणूस असा आहे. रेघ उडाली तर पुन्हा मारतो.

मग संघ जमवला. कुठल्याच संघाने ज्यांना घेतलं नव्हतं, त्यांना पाहुण्यांनी घेतलं. त्यात दोन सख्खे भाऊ होते. थोरला न्हावी, धाकटा प्लंबर. वडलांच्या रेडिओवरून त्यांचं बोलणं बंद झालं होतं. थोरल्याला धाकट्याकडून चेंडू हवा असला तर तो तिसऱ्याला सांगायचा, "त्याला म्हणावं, मी मोकळा आहे." निरोप पोचेपर्यंत चेंडू दुसऱ्यांकडे गेलेला असायचा.

वहिनी हॉस्पिटलमध्ये शिवणकामाला होत्या. तिथले जुने हिरवे पडदे त्यांनी घरी आणले आणि संघाला जर्सी शिवल्या. काही पडद्यांचे हुक काढायचे राहून गेले. पहिल्याच सामन्यात आमचा एक बचावपटू गोलच्या जाळीत अडकला आणि मध्यंतरापर्यंत तिथेच लटकून राहिला. त्या अर्ध्या वेळात आमच्यावर एकही गोल झाला नाही. तेव्हापासून आमच्या संघाला सगळे 'पडदे' म्हणतात. जिमखानेवाले हसत म्हणायचे. आम्ही ते नाव जर्सीच्या पाठीवरच शिवून घेतलं.

पाहुणे गुडघे साथ देईपर्यंत खेळले. गुडघ्यांनी नाही म्हटल्यावर ते शिकवायला लागले. डेपोवाल्यांची मुलं, हॉस्पिटलच्या आयांची मुलं, मग त्या मुलांची मुलं. मुली आल्या तेव्हा काही बाप कुरकुरले. पाहुणे म्हणाले, "रेघेच्या आत मुलगा-मुलगी नसतं, पडदेच असतात. कुरकुरायचं असेल तर रेघेच्या बाहेर." त्यांची शिकवण एकच. "गोल दिसला की मारा. विचार घरी जाऊन करा." हे वाक्य त्यांनी इतक्या पोरांच्या डोक्यात इतकं पक्कं बसवलं, की पुढे तेच आमच्या अंगाशी आलं. ते सांगतोच.

आमचं कौतुक फारसं झालं नाही. एका वर्षी उत्तम शिस्तीचा कप मिळाला, तो आधी कुणी धरायचा यावरून आमच्याच दोघांत मारामारी झाली, म्हणून तो परत घेतला. मध्ये काही वर्षं मला विसरलेही. रंग फवारणारं नवं यंत्र आलं आणि मी डेपोच्या शेडमध्ये पडलो. माझ्या पोटात मांजरीने पिल्लं घातली. एका रविवारी नव्या यंत्राची नळी तुंबली, पाहुण्यांनी ती फुंकून बघितली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक झाला. त्याच दिवशी मांजरीला दुसरी जागा बघावी लागली.

आता मुख्य गोष्ट.

डेपोच्या पलीकडे महापालिकेने एक मोठा समारंभाचा हॉल बांधला. हॉल झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की गाड्या लावायला जागाच ठेवलेली नाही. मग एक दिवस साहेब आले. सोबत नकाशा धरायला एक माणूस, छत्री धरायला दुसरा. ऊनही नव्हतं.

"आमच्याकडे इथे मैदान असल्याचं कुठेच नाही," साहेब म्हणाले.

"तुमच्या बुटाखाली आहे," पाहुणे म्हणाले. "आपण गोलच्या अगदी तोंडाशी उभे आहात. चेंडू आला तर वाका."

"हे बघा पाहुणे, तुम्ही बाहेरचे. तुम्हाला इथली पद्धत कळायची नाही."

पाहुण्यांनी माझा दांडा सोडला. इतक्या वर्षांत मी त्यांना असं सरळ उभं राहिलेलं क्वचित बघितलंय.

"साहेब, चाळीस वर्षं मला पाहुणे म्हणताय. पाहुणा असेन तर जेवायला वाढा. वाढायचं नसेल तर घरचा म्हणा. दोन्हीही नाही, असं चालायचं नाही."

छत्रीवाला खोकला. साहेब म्हणाले, "रविवारी बुलडोझर येईल."

"रविवारी आमचा सामना आहे."

"मग लवकर आटपा."

साहेबांना घाई होती, त्याला कारण होतं. सोमवारपासून निवडणुकीचा काळ लागणार होता. एकदा तो लागला की महापालिकेला कुठल्याच नव्या कामाला हात लावता येत नाही. आणि मतं मागायला दारोदार फिरायचं असताना पोरांचं मैदान उखडायची हिंमत कुणातच नव्हती. बुलडोझर रविवारी संध्याकाळी सहापर्यंतच मिळाला होता. म्हणजे रविवारी सहापर्यंत मैदान वाचलं, तर वाचलं.

वाचवायचं कसं, ते वहिनींनी सांगितलं. शहरातल्या प्रत्येक मैदानाच्या फाटकावर महापालिकेची पाटी असते. आमच्या फाटकावरही त्यांच्याच माणसाने कधीतरी चुकून लावलेली होती. 'सामना सुरू असताना मैदानात कुणीही प्रवेश करू नये. हुकमावरून.'

"कुणीही म्हणजे बुलडोझरही आला," वहिनी म्हणाल्या. "सामना संपू देऊ नका."

सामना टपालवाल्यांशी होता आणि बाद फेरीचा होता. बाद फेरीत बरोबरी झाली तर पहिला गोल होईपर्यंत खेळत राहायचं असा नियम. म्हणजे कुणीच गोल केला नाही, तर सामना संपतच नाही. पाहुणे टपालवाल्यांच्या कप्तानाशी बोलायला गेले. त्याचीही पोरं आमच्याकडेच शिकत होती.

"आम्ही हरणार नाही," कप्तान म्हणाला.

"हरू नका. जिंकूही नका."

कप्तानाने डोकं खाजवलं. "हे आम्हाला जमेल."

रेफरी होते दातांचे डॉक्टर. नियमांना फार पक्के. त्यांना कुणी काहीच सांगितलं नाही.

रविवारी सकाळी पाहुण्यांनी माझं पोट गच्च भरलं आणि प्रत्येक रेघ दोनदा मारली. शिट्टी झाली आणि थोड्याच वेळात बुलडोझर येऊन फाटकाशी थांबला. त्याच्या ड्रायव्हरने वरून हाक मारली, "पाहुणेकाका, ओळखलं का? मी लेफ्ट बॅक होतो."

"ओळखलं. हल्ला करायला पुढे जायचास आणि परत यायचंच विसरायचास."

"हो काका."

"आज पुढे येऊ नकोस."

"पाटी वाचली काका. मी इथेच बसतो." आणि त्याने डबा उघडला. साहेब पाटी वाचत उभे राहिले. खाली त्यांच्याच खात्याचं नाव होतं.

मित्रांनो, गोल करणं अवघड असतं असं तुम्हाला वाटत असेल. गोल न करणं त्याहून अवघड. नव्वद मिनिटं कशीबशी शून्य-शून्यवर गेली. मग पुढे सुरू. आमचा एक पुढचा खेळाडू होता, त्याने जन्मात कधी गोल केला नव्हता. त्या दिवशी त्याने नुसता शिंकताना पाय उचलला आणि चेंडू खांबाला लागून परत आला. टपालवाल्यांचा एक जण मोकळ्या गोलसमोर आला आणि काय करावं न सुचून चेंडूवर बसला. रेफरीने त्याला विचारलं, "हे काय चाललंय?" तो म्हणाला, "दमलो डॉक्टर."

दुपारी धाकट्या भावाच्या पायात चेंडू आला. पन्नाशी उलटली होती, तरी राखीव म्हणून दोघे भाऊ उतरले होते. समोर गोल उघडा. धाकट्याने पाय मागे घेतला.

"मारू नको रे," थोरला ओरडला.

सगळं मैदान थांबलं. रेडिओनंतर थोरला पहिल्यांदाच धाकट्याशी बोलला होता.

"तू मला सांगू नको," धाकटा म्हणाला.

"मी नाही सांगणार तर कोण सांगणार? आई गेली तेव्हाही तू..."

मग जे सुरू झालं ते बराच वेळ चाललं. रेडिओ निघाला, घराची गच्ची निघाली, कुणाच्या तरी लग्नातली सोन्याची अंगठी निघाली. चेंडू कुणीतरी लाथेने बाहेर घालवला. रेफरीने घड्याळ बघून तेवढा वेळ टिपून ठेवला. शेवटी धाकट्याच्या पोटरीत गोळा आला, थोरल्याने शिव्या देतच त्याचा पाय चोळला, आणि त्याच्या जागी पाहुणे स्वतः उतरले. गुडघ्यांना पट्ट्या बांधून.

इतके तास तुडवल्यावर रेघा पुसट झाल्या होत्या. साहेब बाहेरून ओरडले, "आता रेघा कुठे आहेत? तुम्हीच म्हणता, रेघ नाही तर मैदान नाही. मैदान नाही तर सामना कसला?"

रेफरीने खाली बघितलं. त्यांना ते पटायला लागलं होतं. नियमांना पक्का माणूस असा कधी कधी घात करतो.

"अगं, गाडा आत ढकल," पाहुणे वहिनींना म्हणाले.

मग मी खेळ चालू असताना मैदानात उतरलो. माझ्या जातीतल्या कुठल्याही गाड्याने हे केलेलं नाही. बाजूच्या रेघा झाल्या, कोपरे झाले. टपालवाल्यांच्या गोलची रेघ राहिली होती. त्यांचा गोलकीपर खांबाला टेकून गाढ झोपला होता. पाहुणे वाकून मला ढकलत होते आणि अगदी तेव्हाच चेंडू घरंगळत त्यांच्या नातीच्या पायाशी आला.

ही नात म्हणजे आमच्या संघातली सगळ्यांत भारी खेळाडू. चालायला लागल्यापासून आजोबांचं ते एक वाक्य ऐकत वाढलेली. गोल दिसला. तिने मारला. विचार मागून आला.

"आजोबा, अडवा," ती म्हणाली. ते म्हणेपर्यंत चेंडू निम्म्यावर होता.

पाहुण्यांनी माझा दांडा सोडला आणि चेंडूच्या वाटेत तोंड घातलं. हात लावला असता तर फाउल झाला असता, तेवढं त्या घाईतही त्यांना कळत होतं. चेंडू त्यांच्या तोंडावर आदळला आणि बाहेर गेला. पुढचे दोन दातही गेले.

"आपल्याच माणसाचा गोल अडवला," साहेब किंचाळले. "हे कुठल्या नियमात बसतं?"

"सगळ्याच," रेफरी म्हणाले. मग ते धावत पाहुण्यांपाशी आले, त्यांचं तोंड उघडून आत बघितलं आणि एकदम वेगळाच माणूस झाले. "दात कुठेत? मुळासकट पडलेत. सापडले तर परत बसवता येतील. दात सापडल्याशिवाय मी शिट्टी वाजवणार नाही."

दात पांढरे, रेघ पांढरी. दोन्ही संघ गुडघ्यांवर बसून चुना चाळायला लागले. गोलकीपर जागा झाला आणि काय हरवलंय ते न विचारताच शोधायला लागला. साहेब घड्याळ बघत होते. "खेळ बंद आहे ना? मग बुलडोझर आत घ्या."

"दुखापतीचा वेळ सामन्यातच धरतात," रेफरी वर न बघता म्हणाले.

वहिनी सगळ्यांच्या पुढे होत्या. रांगत, चुना फुंकत, "इकडे बघा, तिकडे बघा" करत. दात त्यांना पहिल्या मिनिटातच सापडले होते. त्या ते तोंडात, जिभेखाली धरून शोधत होत्या. कुणी विचारलं की नुसती मान हलवायच्या.

सहा वाजले. बुलडोझरवाल्याने डबा बंद केला. "साहेब, माझी ड्यूटी संपली," तो म्हणाला आणि लांब भोंगा वाजवून मागच्या मागे निघून गेला. परत जायला तो एकदाचा शिकला होता.

वहिनींनी दात काढून डॉक्टरांच्या हातावर ठेवले. डॉक्टरांनी दातांकडे बघितलं, वहिनींकडे बघितलं, आणि काहीही न विचारता ते तिथल्या तिथे बसवले. मग शिट्टी वाजली. पाहुणे कापूस भरल्या तोंडाने नातीला म्हणाले, "आता माल." तिने मारला. जिंकलो.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी उपदेश करायचा असतो, तो मी करून टाकतो. आम्हाला धुवून कोरडं ठेवा, चाकांना तेल घाला, आमच्यात मांजरं येऊ देऊ नका. आणि रेघ मारत राहा. ती एकदा मारून कायमची राहत नाही. पाऊस पुसतो, वारा नेतो, लोक तुडवतात. पाहुणे म्हणायचे, "मी इथला आहे, हेही मला दर रविवारी नव्याने मारावं लागतं." मारावं लागतं तर मारायचं. कुणाची परवानगी विचारायला थांबलात, तर तिथे गाड्या लागतील.

निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराने आमच्या मैदानावर भाषण केलं, त्यामुळे निवडून आलेल्यांना ते मैदान म्हणून जाहीर करावं लागलं. उद्घाटनाला तेच साहेब आले. महापालिकेतर्फे त्यांनी पांढऱ्या भुकटीची नवी पोती भेट दिली. नातीने माझं पोट भरलं, सगळ्या रेघा मारल्या आणि भाषणासाठी मला मधल्या वर्तुळात उभं केलं. भाषण लांबलं. पाऊस आला. सगळे हॉलमध्ये पळाले.

पोत्यांत पांढरं सिमेंट होतं.

आता मी मधल्या वर्तुळात जमिनीला चिकटून असतो. पहिल्याच सामन्यात जिमखान्याच्या एकाचा फटका माझ्या पोटाला लागून आमच्या गोलमध्ये गेला. रेफरीने गोल धरला. आम्ही एक-शून्यने हरलो.